पुण्यात नाताळ बघायला नेमकं कुठे जावं? (सोबत सात वर्षांची लेक आणि सासूबाई)

मिरजेची_सून (१२ डिसेंबर)

नमस्कार मंडळी. आम्ही वाकडला राहतो, पुण्यात येऊन तीन वर्षं झाली.

गेल्या जानेवारीत शाळा उघडल्यावर लेकीच्या मैत्रिणीने डब्यात करंजी आणली होती. लेक घरी येऊन विचारते, "आई, दिवाळी तर कधीच संपली, मग हिच्याकडे करंजी कशी?" मी त्या मैत्रिणीच्या आईला विचारलं, तर म्हणाल्या, "नाताळचा फराळ आहे, थोडा उरला होता." मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात नाताळ म्हणजे केक, झाड आणि लाल टोपी, एवढंच. आणि आम्ही तेवढंच बघितलंही होतं: एका मॉलमध्ये पाऊण तास फोटोच्या रांगेत उभे होतो. आमचा नंबर लागेपर्यंत लेक खांद्यावर झोपून गेली.

सासूबाई मिरजेच्या. त्यांचं माहेर मिशन हॉस्पिटलपासून जवळच. डिसेंबरात रात्री कंदील घेऊन, पेटी गळ्यात अडकवून गाणी म्हणत येणारी माणसं त्यांना अजून आठवतात. त्या म्हणाल्या, "नाताळ बघायचा तर गाणी ऐकायला जाऊ. दुकानं काय बघायची?"

तर माझे प्रश्न असे. आम्ही ख्रिस्ती नाही, चर्चमध्ये गेलेलं चालतं का? गेलो तर काय करायचं, काय करायचं नाही? सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार उभं राहता येत नाही. आणि मराठी गाणी ऐकायला मिळतील असं पुण्यात कुठे आहे का?

ईस्ट_स्ट्रीटवाला (१२ डिसेंबर)

कॅम्पात राहतो म्हणून तिथलं सांगतो. २४ आणि २५ च्या संध्याकाळी एम. जी. रोडवर यायचं असेल तर गाडी आणू नका. गर्दीमुळे पोलीस वाहतूक वळवतात. पुणे स्टेशनपर्यंत मेट्रोने या, पुढे रिक्षा. आजींना घेऊन यायचं तर २४ च्या आधीची एखादी संध्याकाळ निवडा. रोषणाई तीच असते आणि चालायला जागा मिळते.

कयानी बेकरी दुपारी बंद असते, त्यामुळे सकाळीच या. नाताळच्या आठवड्यात मावा केक आणि श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग बाहेर ईस्ट स्ट्रीटवर येते. आजींना गाडीत बसवा, एकाने रांगेत उभं राहा. परतताना बुधानींचे वेफर्स घ्या, लेक खूश होईल.

गाण्यांचं मला फारसं सांगता येणार नाही, आमच्याकडे इंग्रजी कॅरोल असतात. गुरुवार पेठेतलं कोणी इथे असेल तर सांगावं.

घंटेखालची (१३ डिसेंबर)

मीच गुरुवार पेठेतली. ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमचं घर पंचहौदच्या मागच्या गल्लीत. पवित्र नाम देवालय असं चर्चचं नाव, पण रिक्षावाल्याला 'पंचहौद' सांगा, तो बरोबर आणून सोडेल. चर्च १८८० च्या दशकातलं आहे. शेजारी उंच मनोरा आहे आणि त्यात आठ घंटा आहेत. लहानपणी आमच्यासाठी नाताळची सुरुवात त्या मनोऱ्यावर तारा लागला की व्हायची. शाळेतून येताना आम्ही बोळाच्या तोंडाशी थांबून वर बघायचो, आज लागला का म्हणून.

शाळेच्या पुस्तकात पंचहौदच्या चहाचं वाचलं असेल. १८९० साली इथल्या मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळींना बोलावलं, पुढे चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून पुण्यात मोठं ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटल्याचा वाद, झालं. तीच ही जागा. माझे आजोबा पाहुण्यांना ही गोष्ट सांगायचे आणि सांगून झाली की आजीला म्हणायचे, "आता चहा टाक."

आता गाण्यांचं. आमच्याकडे मराठीत उपासना होते आणि नाताळात पेटी, तबला, झांजा बाहेर निघतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण ओवी-अभंग त्यांनी सोडले नाहीत. त्याच वळणाने प्रभूची गाणी लिहिली. मराठी चर्चमधून ती आजही म्हणतात. सासूबाईंनी मिरजेत ऐकलेल्या गाण्यांत त्यांची गाणी असतील असं मला फार वाटतं. चाल कानावर पडली की त्या स्वतःच ओळखतील, बघा.

मध्यरात्रीच्या उपासनेला लहान मूल आणि दुखरे गुडघे घेऊन येऊ नका असं मी सांगेन. थंडी असते, बसायला जागा मिळेलच असं नाही आणि तेव्हा मेट्रोही बंद झालेली असते. २५ ला सकाळच्या उपासनेला या. त्याहूनही चांगलं म्हणजे नाताळच्या आधीच्या एखाद्या रविवारी संध्याकाळी गीतांचा कार्यक्रम असतो, त्याला या. वेळा फाटकाजवळच्या फलकावर लागतात. दर वर्षी थोड्या बदलतात, म्हणून आधी कोणाला तरी बघायला पाठवा. पिंपरीहून मेट्रो धरा, मंडईला उतरा, तिथून रिक्षा.

आत आलात की मागच्या बाकांवर कडेला बसा. सगळे उभे राहिले तरी सासूबाईंनी बसूनच राहावं, आमच्या म्हाताऱ्याही बसतात. फोन बंद ठेवा, फोटो उपासना संपल्यावर काढा. प्रभुभोजनाच्या वेळी लोक रांगेने पुढे जातात, तेव्हा तुम्ही जागेवरच बसा. भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, तो देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांना वाटायचा नसतो. रांगेत गेला नाहीत म्हणून कोणी वळून बघणार नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण माझी एक मैत्रीण नकळत रांगेत गेली, पुढे पोचल्यावर गोंधळली आणि नंतर कितीदा बोलावलं तरी आली नाही. मीच आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. अजून लागतं मनाला.

फराळाचा विषय काढलात म्हणून सांगते. आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा, रव्याचे लाडू, सगळं होतं. साधारण १८-१९ तारखेपासून सुरू. आई करंज्या करायची तेव्हा वाड्यातल्या समोरच्या काकू लाटायला यायच्या. दिवाळीत आई त्यांच्याकडे जायची, ती फेड. नानकटाईचं सामान मात्र बेकरीत न्यायचो. मैदा, तूप, पिठीसाखर घरून मोजून न्यायची, भट्टीवाला पत्र्याच्या ट्रेमध्ये भाजून द्यायचा आणि गरम डबा ओढणीत गुंडाळून मी घरी आणायची. तो वास मला कोणत्याही केकपेक्षा जवळचा आहे. नाताळच्या सकाळी उपासनेहून आलं की कपडेही न बदलता ताटं भरायची. वाड्यात सहा बिऱ्हाडं होती, सहाही घरी ताट जायचं, वर क्रोशाचा रुमाल.

लोक मला विचारतात, "तुम्ही नाताळला केक कापता ना?" कापतो. पण आमचा सण त्या ताटांत असतो.

नानापेठकर (१३ डिसेंबर)

घंटेखालची यांनी छान लिहिलंय. भर म्हणून थोडं.

क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चलाही जा. इमॅक्युलेट कन्सेप्शन हे त्याचं पूर्ण नाव. पुण्यातलं सर्वांत जुनं कॅथलिक चर्च, १७९२ सालचं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारी होते. त्यांना प्रार्थनेला जागा नव्हती, ती सवाई माधवरावांनी दिली. आमचं घराणंही गोव्याकडचंच, पण माझ्या आजोबांच्याही आधीपासून नाना पेठेत. घरात कोंकणी, दारात मराठी.

तिथला गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, जरूर बघा. इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: नाताळ २५ ला संपत नाही, सुरू होतो. गोठे पुढे ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत ठेवायची पद्धत आहे. म्हणजे २७-२८ ला दुपारी निवांत गेलात तरी सगळं जागेवर असतं आणि लेकीला अगदी जवळ उभं राहून बघता येतं. २५ च्या आधी गेलात तर गव्हाणी रिकामी दिसेल. बाळ येशू २४ च्या मध्यरात्री ठेवतात. माझ्या मुलाला लहानपणी मी मुद्दाम दोन्ही वेळा न्यायचो. पहिल्यांदा रिकामं गवत बघून तो गप्प व्हायचा.

आमच्या घरी नेवऱ्या, कलकल आणि दोदोल (नारळाच्या रसातली गुळाची मिठाई). नेवरी म्हणजे तुमची करंजीच, नाव वेगळं. कलकल लेकीकडून करून घ्या. मैद्याची छोटी गोळी उलट्या काट्यावर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, शिंपल्यासारखी नक्षी उठते. मग तळून पाकात घोळवायची. आमच्याकडे ते काम कायम मुलांचंच.

मिरजेची_सून (१४ डिसेंबर)

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! प्रभुभोजनाचं सांगितलंत ते फार बरं झालं. मी नक्की रांगेत गेले असते, कोणी देतंय ते नाकारू नये म्हणून.

अजून एक. लेकीला घरी तारा लावायचाय. विकत आणू की करू? आणि आम्ही लावलेला चालेल ना?

घंटेखालची (१४ डिसेंबर)

चालेल म्हणजे काय, लावाच! आणि घरी करा. आकाशकंदिलासारखंच आहे. बांबूच्या कामट्यांचे दोन सारखे तारे करायचे, पाचही टोकं दोऱ्याने एकमेकांना बांधायची, मध्ये चार-पाच बोटांच्या काड्या उभ्या घालायच्या म्हणजे पोट फुगतं. वरून पतंगाचा कागद. खळ पातळ करा, घट्ट झाली की कागद सुरकुततो. आत दिवा लहान लावा, कागदाला टेकू देऊ नका. सामान रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल.

२१ ला रविवार आहे, संध्याकाळी गीतं आहेत. मी कुंपणाजवळच्या जिन्याखाली उभी असेन, निळी काठापदराची साडी. हाक मारा.

मिरजेची_सून (२६ डिसेंबर)

लिहायला उशीर झाला, घरात पाहुणे होते.

२१ ला गेलो. मंडईला उतरलो, रिक्षावाल्याला पंचहौद म्हटलं आणि खरंच पाच मिनिटांत पोचलो. लेकीने आधी मान वर करून मनोऱ्यावरचा तारा शोधला. घंटेखालची ताईंनी आम्हाला कडेच्या बाकावर बसवलं, सासूबाईंच्या पाठीला स्वतःची शाल दुमडून दिली.

पहिली दोन गाणी सासूबाई नुसत्या ऐकत होत्या. तिसऱ्याला पेटीने सूर धरला आणि त्यांचा हात मांडीवर ताल देऊ लागला. शब्द सगळे येत नव्हते, पण ध्रुवपद आलं की त्या बरोबर म्हणायच्या. पासष्ट वर्षांपूर्वी अंगणात उभं राहून ऐकलेलं. शेजारच्या बाकावरच्या एका आजींनी आपलं गीतांचं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं, बोटाने ओळ दाखवली. दोघी मग शेवटपर्यंत एकाच पुस्तकातून म्हणत होत्या. मी फोटो काढला नाही.

काल दुपारी सिटी चर्चला जाऊन गोठा बघितला. लेक बाळापेक्षा गाढवाजवळ जास्त वेळ रमली. कॅम्पात गेलोच नाही, आता पुढच्या आठवड्यात सकाळी कयानीला जाऊ. कलकल तीन ताटं झाले, त्यातले निम्मे तरी शिंपल्यासारखे दिसतात.

आणि ताई, २१ ला निघताना तुम्ही स्टीलचा डबा दिलात, त्यातल्या करंज्या एक सोडून सगळ्या त्याच रात्री संपल्या. ती एक लेकीने शाळेत नेली, त्या मैत्रिणीला दाखवायला. डबा घासून ठेवलाय. सासूबाई म्हणतात रिकामा परत द्यायचा नाही. काय भरून आणू? तुमच्याकडे आत्ता फराळ असेलच, त्यात आमचा कशाला.

घंटेखालची (२६ डिसेंबर)

संक्रांतीला तिळगूळ घालून आणा. तोवर डबा तुमच्याकडेच राहू दे. आणि सासूबाईंना सांगा, शेजारच्या बाकावरच्या त्या आजी म्हणजे माझी आई. काल दिवसभर विचारत होती, मिरजेच्या बाई परत कधी येणार म्हणून.