कॅमेऱ्याने मोजलेलं आकाश मीटरपेक्षा पावणेदोन प्रतींनी उजळ का येतंय?

निशाचर५०
नमस्कार मंडळी. आकाश किती उजळ आहे ते कॅमेऱ्याने मोजतोय, दर चौरस विकलेमागे किती प्रत, असं (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितकं उजळ; विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). डीएसएलआर (पिक्सेल ४.३ मायक्रॉन), ५० मिमी लेन्स, एफ/२.८, आयएसओ १६००, १५ सेकंद, कॅमेरा सरळ खस्वस्तिकाकडे (बरोबर डोक्यावर). चंद्र नाही, संधिप्रकाश पूर्ण संपलेला. रॉ फाइल सिरिल या प्रोग्रॅममध्ये 'स्प्लिट सीएफए' करून (म्हणजे रंगांचे पिक्सेल वेगळे करून) एक हिरवी प्रतिमा घेतली आणि त्यातून डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेला फोटो) वजा केली. ५.० प्रतीच्या ताऱ्याची बेरीज, पार्श्वभूमी काढून, १,२०,०००. शेजारचं आकाश दर पिक्सेल ३००. पिक्सेलची बाजू २०६.२६५ × ४.३ ÷ ५० = १७.७४ विकला, क्षेत्र ३१४.७ चौरस विकला.

५ + २.५ × लॉग(१,२०,००० × ३१४.७ ÷ ३००) = १७.७५

एसक्यूएम-एल (आकाशाचा उजेड मोजणारा मीटर) मात्र १९.५ दाखवतंय. कुठे चुकतंय?

विकला
क्षेत्रफळ चुकलंय. सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे असतात आणि तुम्ही त्यातला एकच घेतलाय. म्हणजे तुमच्या प्रतिमेतला एक ठिपका आकाशाच्या २ × २ पिक्सेलएवढ्या तुकड्यासाठी उभा आहे. ताऱ्याचा प्रकाश चारही पिक्सेलवर पडला, बेरजेत पाव भागच आला. आकाशाचा आकडा मात्र एका पिक्सेलचा, तो पूर्णच आहे. बाजू ३५.४८ विकला धरा, क्षेत्र साधारण १,२५९. चौपट क्षेत्र म्हणजे २.५ × लॉग ४, बरोबर दीड प्रत.

निशाचर५०
वा, आता १९.२६ आलं! अजून पाव प्रत उरते. ती मोजमापातली चूक म्हणून सोडून द्यायची का?

धूसर_क्षितिज
सोडू नका, तिलाही कारण आहे. तारकायादीतली ५.० ही प्रत वातावरणाच्या बाहेरची. तुमच्यापर्यंत पोचेतो तारा डोक्यावर असतानाही ०.२ ते ०.३ प्रतीने मंदावतो. सूत्र तो मंद तारा ५.० चाच धरतं, त्यामुळे आकाश तेवढंच उजळ निघतं. मीटरशी ताडायचं तर उत्तरात ही घट मिळवा. ३० अंश उंचीवर हवेचा थर दुप्पट, म्हणून घटही दुप्पट. धूळ-धुकं असेल तर आणखी वाढते.

मीटरशी शंभर टक्के जुळण्याचा आग्रहही धरू नका. एसक्यूएम-एल साधारण २० अंशांच्या शंकूतला प्रकाश एकत्र करतो, त्याचा रंगपट्टाही तुमच्या हिरव्या चॅनलपेक्षा रुंद आहे. ताऱ्याशेजारच्या चिमूटभर आकाशाऐवजी मधल्या भागातले तारे वगळून मध्यक घ्या, मग तुलना करा.

विकला
एका ताऱ्यावर विसंबू नका, आठ-दहा घ्या. तांबडे तारे टाळा. रोहिणी, ज्येष्ठा, काक्षी यांच्यासारख्या रंगाचा तारा हिरव्या चॅनलमध्ये आणि व्ही फिल्टरमध्ये (यादीतल्या प्रती ज्याने मोजतात तो) सारखा मोजला जात नाही. पांढरे-पिवळसर, बी-व्ही (निळ्या आणि व्ही फिल्टरमधल्या प्रतींचा फरक) ०.३ ते ०.८ मधले चांगले.

फोकस मुद्दाम किंचित ढळवा. तारा सुईच्या टोकाएवढा राहिला तर त्याचा प्रकाश लाल-निळ्या पिक्सेलवर किती सांडला आणि हिरव्यावर किती, हे नशिबावर जातं, बेरीज दर फोटोत उड्या मारते. पाच-सहा पिक्सेलचा गोळा झाला की ती स्थिरावते, शिखर संपृक्तही होत नाही. बेरजेचं वर्तुळ मोठं ठेवा, १५ सेकंदांत ताऱ्याची रेघ ओढली जाते.

एफ/२.८ ला कोपरे चांगलेच काळवंडतात. फ्लॅट फ्रेम (हा काळवंडेपणा काढायला घेतलेला एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो) नसेल तर मधला एक तृतीयांश भागच वापरा.

निशाचर५०
डार्क घरी आल्यावर काढली तर चालेल?

धूसर_क्षितिज
नको. तिथेच, त्याच तापमानाला, त्याच आयएसओ आणि वेळेवर काढा. झाकणाबरोबर व्ह्यूफाइंडरही झाका, मागून प्रकाश शिरतो. कॅमेऱ्याचं स्वतःचं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद हवं. आणि काढायच्या आधी टॉर्चने लेन्स तिरकी पाहा. दव बसलं असेल तर तारे पसरतात, त्यांची बेरीज कमी भरते आणि आकाश पुन्हा खोटं उजळ येतं.