मदत हवी आहे : औषध कंपनीच्या क्यूसीतून (गुणवत्ता तपासणीतून) जुन्या कागदांच्या जतनाकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, वय ४१, रसायनशास्त्रात एमएस्सी. पादरा रोडकडच्या एका औषध कंपनीत क्यूसीला आहे. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजायची चाचणी), टायट्रेशन, महिनाअखेर आली की बॅच सोडायची घाई. पगार चांगला, माणसंही चांगली. पण इथून वर चढायचं म्हणजे हातातलं पिपेट जाऊन नुसत्या सह्या आणि ऑडिट येणार. ते मला नको आहे.

ओढ लागली ती घरच्या दप्तरामुळे. आजेसासऱ्यांच्या मोडीतल्या हिशेबाच्या चोपड्या माळ्यावर सापडल्या. काजळीच्या शाईची अक्षरं अजून ठसठशीत आहेत. त्याच गठ्ठ्यात नंतरची, गिरणीच्या कागदावरची पत्रं होती. घडी उलगडायला गेले तर कडा पापडासारख्या तुटल्या. कुणीतरी मायेने सेलोटेप लावलेली, तिचा चिकटा पिवळा होऊन कागदात मुरलाय. वाचत गेले तेव्हा कळलं की हा सगळा आम्लाचा खेळ आहे. तुरटी आणि राळ घालून केलेला कागद मुळातच आम्लधर्मी. वर लोहाची शाई असेल तर त्यातलं लोह कागदाचं ऑक्सिडीकरण आणखी वाढवतं. पीएच बघणं, कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने आम्ल मारणं, हे तर माझ्याच हातचं काम! बडोदा संस्थानाचा कितीतरी कारभार मोडीत चालला. ते कागद टिकवण्याला आपला हात लागावा असं फार मनापासून वाटतं.

आता अडचण. इथे सयाजीराव विद्यापीठात म्युझियॉलॉजीचा (संग्रहालयशास्त्राचा) विभाग १९५२ पासून आहे, पण पूर्णवेळ एमए करायचं तर नोकरी सोडावी लागेल. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी दहावीत. सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांचा विमा माझ्या कंपनीच्या पॉलिसीत. नवरा मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) नोकरीला आहे. "तू ठरव, मी आहे," म्हणतो, पण त्याच्या एकट्याच्या पगारावर ओढाताण होईल हे दोघांनाही दिसतंय.

नवीन पदवी न घेता, एमएस्सीच्या जोरावर या कामात शिरता येतं का? सुरुवातीला मिळकत कशी असते? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद :

ताई, मीही रसायनशास्त्रातून इकडे आलो, आता पुण्यात कागदाचंच काम करतो. राजीनामा इतक्यात देऊ नका. लखनौला एनआरएलसी ही जुन्या वस्तूंच्या जतनाची सरकारी प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. त्यांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा आणि साठवलेली रजा त्यासाठी वापरा. रसायनं तुम्हाला येतात, हात बसवायला वेळ लागतो. गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) घेऊन आधी रद्दी कागदावर फाटलेल्या कडा जोडा. पाणी लावण्याआधी प्रत्येक शाईवर एक थेंब टाकून ती फुटते का बघायचं. पोथीतली लाल शाई बऱ्याचदा दगा देते.

केलेल्या प्रत्येक कामाचे आधीचे-नंतरचे फोटो आणि काय वापरलं त्याची नोंद ठेवा. क्यूसीवाल्यांना ही सवय असतेच, आणि आमच्याकडे नेमकं तेच बघतात.

मिळकत कामागणिक येते. बिल निघायला महिने जातात, म्हणून वर्षभराचा घरखर्च बाजूला असू द्या. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळेल, ढोबळ हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. विम्याचं मात्र आजच बघा. सासूबाईंची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच काढा, कारण आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षाकाळ असतो आणि तो तुमच्या पगाराच्या काळात संपलेला बरा.

घराचा हप्ता अजून किती वर्षं आहे? ते कळलं तर पूर्णवेळ एमए कधी परवडेल याचा अंदाज बांधता येईल.