१७९७ चे जाडजूड पेनी नाणे: अस्सल असेल का, आणि साफ करावे का?

दांडियाबाजारकर (वडोदरा): नमस्कार. आजोबांच्या पितळी वजनांच्या पेटीत तांब्याचे एक जाडजूड नाणे सापडले. एका बाजूस ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा मुखवटा, दुसरीकडे त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचे स्त्रीरूप प्रतीक) आणि १७९७ हे साल. कड रुंद व उचललेली असून तिच्यावरची अक्षरे उठावाची नाहीत, तर आत रुतलेली आहेत. सराफाच्या काट्यावर ते २७.४ ग्रॅम भरले. आईने हौसेने चिंच-मीठ लावून ब्रिटानियाची बाजू घासली आणि मी नको म्हणेपर्यंत ती गुलाबी झाली. नाणे अस्सल असेल का, आणि दुसरी बाजूही साफ करावी का?

ताम्रप्रेमी: दुसऱ्या बाजूला कृपया चिंच लावू नका. हे 'कार्टव्हील' (म्हणजे गाडीचे चाक) या टोपणनावाचे पेनी दिसते. मॅथ्यू बोल्टन यांनी बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या सोहो टांकसाळीत ही नाणी वाफेच्या यंत्रांवर पाडली. पेनीत पेनीच्या मोलाचे तांबे असावे, या हिशेबाने तिचे वजन एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम ठेवले होते. सोळा पेन्यांचे वजन एक पौंड भरत असल्याने तिकडचे दुकानदार त्या वजन म्हणूनही वापरीत. आजोबांनी ती वजनांच्या पेटीत ठेवली, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही. एका ग्रॅमची घट झिजेने सहज येते.

भिंगवाला: वजन जुळले म्हणून नाणे अस्सल, असे मात्र मी म्हणणार नाही. राजाच्या खांद्यावरील वस्त्राच्या घडीत मुद्रा कोरणाऱ्या क्युख्लर यांच्या नावाचे 'के' हे बारीक रोमन अक्षर शोधा. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला सांध्याची रेघ किंवा कानशीचे ओरखडे राहतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. सालावरून काही ठरत नाही, कारण ही नाणी १७९९ पर्यंत पाडली गेली, तरी सगळ्यांवर १७९७ च आहे. १८०६ च्या पेन्या, तांबे महागल्यामुळे, १९ ग्रॅमच्या आतबाहेर भरतात. तेव्हा तुमचे वजन निदान १७९७ या सालाशी सुसंगत आहे.

दांडियाबाजारकर: 'के' अंधुक का होईना, दिसले. व्यास जवळजवळ ३६ मिलिमीटर, कडेला रेघ नाही, एके ठिकाणी ठेच लागल्याची खोच तेवढी आहे. आई विचारते, गुलाबी बाजू पूर्ववत होईल का?

ताम्रप्रेमी: मग मी ते अस्सलच धरीन. घासलेली बाजू काही वर्षांत काळवंडेल, पण जाणकार संग्राहक ती ओळखेल आणि किंमत कमीच सांगेल. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्याने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. कागदी पाकीट घ्या आणि नाणे नेहमी कडेला धरूनच उचला.