समानता मिळाली की अजून? आणि त्यात पुरुषांचं काय?

सांजवारा: माझा पुतण्या नुकताच कॉलेजात गेलाय. त्याचं म्हणणं, मतदान, शिक्षण, नोकरी सगळं बायकांना कायद्याने मिळालं, आता समानता म्हणजे मुलांच्या वाट्याचं काढून घेणं. मुलगा उद्धट नाही, मनापासून विचारतो. "यात माझा काय फायदा?" याला काय उत्तर देऊ?

रात्रपाळी: मी पुरुष आहे आणि हृदयरोग विभागात नर्स आहे, त्यामुळे समोर दिसतं ते सांगतो. छातीत दुखतंय म्हणून पुरुष येतो तेव्हा बऱ्याचदा त्याने दुखणं अंगावर काढलेलं असतं. "एवढ्याशासाठी काय दवाखाना", असं म्हणत. बायको मागे लागली नसती तर आलाही नसता. बाई येते, तिच्याही छातीत दुखत असतं, पण सोबत मळमळ, दम लागणं, पाठ किंवा जबडा दुखणं हे तिच्यात जास्त दिसतं. मग "टेन्शन घेऊ नका" म्हणून तिची बोळवण होण्याचा धोका असतो. पुरुषाने कण्हायचं नाही आणि बाई उगाच कण्हते, ही एकच समजूत आहे. ती दोघांच्याही जिवावर उठते.

औषधांचंही तसंच. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही गुंगी राहू शकते. तरी बायकांसाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला तिथल्या औषध प्रशासनाने सांगितलं ते २०१३ मध्ये!

पुतण्याला हेही सांगा की जगात आत्महत्येचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत दुपटीहून जास्त आहे. कारणं अनेक आहेत, पण मन मोकळं करणं म्हणजे दुबळेपणा, ही शिकवण त्यातलं मोठं कारण आहे असं मला ठामपणे वाटतं. मला पेशंटचे नातेवाईक अजून विचारतात, "डॉक्टर व्हायचं जमलं नाही का?" फार राग येतो. नर्सिंग बायकांचं, म्हणून हलकं, असं त्यांनी धरलेलं असतं. त्यात माझ्या सहकारी बायकांचाही अपमान आहे.

उंबरठा: रात्रपाळी, तुमचं शेवटचं वाक्य अगदी पटलं.

सांजवारा, "सगळं मिळालं" याबद्दल थोडं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क १९७१ मध्ये मिळाला. आज आजी असलेल्या कितीतरी बायका तेव्हा तरुण होत्या. आणि कायदा समान झाल्यावरही पगारातली तफावत उरतेच. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की आज ही तफावत बरीचशी एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि पहिलं मूल झाल्यावर ती रुंदावते. वेळीअवेळी हजर राहणाऱ्याला जास्त पैसे, आणि घरी कुणीतरी असावंच लागतं. मग बाई मागे हटते. पण पुरुषाचं काय होतं ते पाहा: तो कमावतो, आणि मूल झोपल्यावर घरी येतो. माझे वडील असेच होते. खूप प्रेमळ माणूस, पण आमच्याशी काय बोलावं हे त्यांना सुचायचं नाही. त्यांचं हे नुकसान कुणी मोजलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

सांजवारा: तुमच्या वडिलांबद्दलचं वाचून गलबलून आलं. पण मूल झाल्यावर बापाला रजा दिली तरी बाप ती घेतात का? पुतण्या हे नक्की विचारेल.

उंबरठा: नियम कसा आहे त्यावर ठरतं. स्वीडनने १९७४ मध्येच पालकत्वाची रजा दोघांनाही खुली केली, तरी बहुतेक दिवस आयाच घेत राहिल्या. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. त्यांनी घेतले नाहीत तर सहसा ते वाया जायचे. आधी मोजके बाप रजा घ्यायचे, काही वर्षांतच बहुसंख्य घेऊ लागले. साहेबाकडे सवलत मागावी लागत नव्हती, नियमच होता. पुतण्या उद्या नोकरीला लागेल तेव्हा वडिलांच्या रजेचा नियम काय आहे, हे त्याने मुलाखतीतच विचारावं.