"मी ठरवतो" की "आम्ही ठरवतो"? सेल्फ-डिटर्मिनेशनची स्केल मराठीत आणताना अडकलेय

खडूफळा:
नमस्कार मंडळी, मी स्पेशल एज्युकेशनवाली, प्रबंधासाठी अपंगत्व असलेल्या १३ ते १८ वयाच्या मुलामुलींचं सेल्फ-डिटर्मिनेशन, म्हणजे आपल्या आयुष्यातलं ठरवण्यात त्यांचा स्वतःचा किती हात आहे ते, मोजायचंय. सेल्फ-डिटर्मिनेशन इन्व्हेंटरीचा मुलांनी स्वतः भरायचा फॉर्म निवडलाय, १३ ते २२ वयोगटासाठी, २१च वाक्यं, प्रत्येकाखाली एक स्लायडर. (भाषांतराच्या परवानगीचं चालू आहे, ते नका विचारू.) म्हटलं सोपं जाईल, तर नावापासूनच गाडी अडली. "स्वयंनिर्णय" लिहिलं की राष्ट्रांचे हक्क वाटतात आणि "स्वावलंबन" लिहिलं की आपले आपण कपडे घालणं. त्यात क्रियापदाला लिंग, "ठरवतो/ठरवते" अशी तिरपी रेघ मारली तर निम्मी मुलं वाचताना तिथेच अडखळतात.

पण खरा घोळ पुढे झाला. सरावासाठी मी माझंच एक वाक्य केलं होतं, "पुढे काय शिकायचं ते मी ठरवतो." १५ वर्षांचा एक मुलगा, सौम्य बौद्धिक अपंगत्व आहे, त्याने वाचलं आणि म्हणाला, "मी नाही, आम्ही ठरवतो." चांगला ऐटीत म्हणाला, तक्रार अजिबात नव्हती. आता ह्याने स्लायडर कुठे ठेवायचा? डावीकडे नेला तर स्कोअर पडणार, मग मी तो बाहेरच्या देशांतल्या आकड्यांशेजारी ठेवणार आणि लिहिणार की आमची मुलं कमी. हे बरोबर आहे का?

आकडेमोड:
नाही. आधी मेझरमेंट इन्व्हेरियन्स बघा, म्हणजे स्केल दोन्ही गटांत सारखंच मोजते का, मग तुलनेचं बोला. दोन वजनकाटे समजा. दोन्हीकडे किलो म्हणजे किलोच पाहिजे, ही झाली मेट्रिक इन्व्हेरियन्स, आणि रिकामे असताना दोन्ही शून्यावर पाहिजेत, ही स्केलर. एक काटा रिकामा असतानाच २०० ग्रॅम दाखवत असेल तर त्यावरच्या दोन पिशव्यांतला फरक बरोबर येईल, पण ह्या काट्यावरची पिशवी त्या काट्यावरच्या पिशवीपेक्षा जड असं म्हणता येणार नाही. गटांच्या सरासऱ्या शेजारी ठेवायला निदान बऱ्याचशा वाक्यांपुरतं तरी शून्य जुळावं लागतं आणि ते तपासायला प्रत्येक गटात शेकड्याने मुलं लागतात. तुमच्याकडे ४०-५० असतील तर तो नाद सोडाच.

आणि बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मूळ वाक्याशी ताडणं, केलं म्हणून हे सुटत नाही, "मी ठरवतो" उलट फिरवलं की छान जसंच्या तसं परत येतं, मुलगा अडला ते कुठेच दिसत नाही. स्पेनमधलं उदाहरण वाचून बघा, अमेरिकेत सेल्फ-डिटर्मिनेशनचीच १९९५ची ७२ प्रश्नांची आर्क स्केल हाताशी असताना सालामांका विद्यापीठातल्या लोकांनी त्याच विचारावर आपली वेगळी एआरसी-इनिको बांधली.

मधली सुट्टी:
एक गल्लत नेहमी होते. सेल्फ-डिटर्मिनेशन म्हणजे सगळं एकट्याने करणं असं ह्या विषयातले संशोधक वेमायर आणि मंडळी म्हणतच नाहीत. त्यांच्या कॉझल एजन्सी थिअरीत (२०१५) मुद्दा हा की माझ्या आयुष्यात जे घडतं त्यात माझा हात आहे का. विचारून, सल्ला घेऊन, कुणावर तरी सोपवूनसुद्धा तो असू शकतो. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचा सेल्फ-डिटर्मिनेशनचा सिद्धांत वेगळा, पण स्वायत्तता म्हणजे फटकून राहणं नव्हे हे तेही सांगतात. म्हणजे तुमचा मुलगा "आम्ही" म्हणूनही वरच्या टोकाला असू शकतो, वाक्याला ते पकडता आलं नाही इतकंच.

चाकावरची:
मधली सुट्टी, पटलं, पण त्या "आम्ही"वर इतक्या लवकर भाळू नका. मी व्हीलचेअर वापरते. १४-१५ची असताना असाच एक फॉर्म माझ्यापुढे आला होता, "माझ्या गोष्टी मी निवडते" छापाचा, मी सगळीकडे हो केलं आणि अगदी मनापासून केलं, कारण माझ्यापर्यंत निवडायला यायचं काय तर वहीचं कव्हर निळं की हिरवं. शाखा कुठली, सहलीला जायचं की नाही, फिजिओथेरपी कधी बंद करायची हे माझ्यासमोर यायच्या आत ठरलेलं असायचं. स्कोअर मात्र झकास आला असणार!

त्या मुलाला एवढंच विचारा, तू नाही म्हणालास तर काय होतं? "आम्ही"त तो बसलेला असतो की ठरल्यावर त्याला कळवतात? हे संस्कृतीच्या नावावर खपवायला फार सोपं आहे, "आमच्यात असंच असतं" म्हणून. एआयआर स्केल म्हणून एक आहे, त्यात मुलाची क्षमता आणि घरी-शाळेत मिळणारी संधी वेगवेगळी विचारतात, पालकांचा आणि शिक्षकांचा फॉर्मही वेगळा असतो. ती शेजारी लावा.

मधली सुट्टी:
@चाकावरची, हे मान्य. खडूफळा, अजून एक, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांमध्ये हो ला हो करण्याची सवय बघा, सिगलमन आणि सहकाऱ्यांनी हे १९८१लाच दाखवलंय. विचारणारी बाई स्वतःची टीचर असेल तर मग बोलायलाच नको. त्यावर उपाय म्हणून "नाही"ची उलटी वाक्यं घालू नका, ती ह्या मुलांना आणखी गोंधळात टाकतात. हे की ते, सोबत चित्र, असं विचारलेलं बरं, आणि पर्यायांचा क्रम बदलत राहा कारण शेवटचा पर्याय उचलायचीही सवय असते. कर्णबधिर मुलं असतील तर लेखी वाक्यावर विसंबू नका, ह्या इन्व्हेंटरीची अमेरिकन साइन लँग्वेजमधली आवृत्ती त्यासाठीच वेगळी केलीय.

खडूफळा:
काल विचारलं त्याला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दोनदा नाही म्हटलं. मग पप्पांनी विचारलं, तुला काय पाहिजे ते सांग." म्हणजे ह्याचा "आम्ही" खरा निघाला. लगेच शेजारच्या मुलीलाही तेच विचारलं, ती म्हणाली, "नाही कशाला म्हणायचं?" आणि स्लायडर पूर्ण उजवीकडे.

तिने तो प्रत्येक वाक्याला उजवीकडेच नेला होता, का विचारलं तर म्हणे तिकडे नेलं की रंग पूर्ण भरतो 🤦‍♀️

परदेशी तुलना प्रबंधातून काढतेय. आधी दहा-बारा मुलांबरोबर एकेक वाक्य बोलून घेते, तुला काय कळलं ते तुझ्या शब्दांत सांग, असं. गाइडना काय सांगायचं ते बघते.

आकडेमोड:
गाइडना वजनकाटा सांगा. आणि तो रंग आधी काढा.