एकाचा पुतळा आणि बाकीच्यांचा नुसता आकडा? माणगावच्या स्मारकावर सगळ्यांची नावे हवीत का?

काळनदीकाठ

मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यातल्या माणगावच्या कोंडीत अडकणाऱ्या किती जणांना माहीत असेल की तहसील कचेरीजवळ नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे? पळसगावचा हा २२ वर्षांचा जवान पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तो सोडून सगळे पडले. तो एकटा धावत गेला, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. मग त्याच्या छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्याची कबर कुठेच नाही, इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे.

२०२३ साली त्या भागातल्या मोन्तोने नावाच्या छोट्या गावाने घाडग्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारले. परक्या मुलखातल्या लोकांनी ऐंशी वर्षांनी ही आठवण ठेवली.

माझे म्हणणे पुढचे आहे. घाडग्यांच्या सेक्शनमध्ये त्या दिवशी जे पडले, ते कोण होते? आपल्याकडच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी संगमरवरी पाट्या लावल्या. 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले', एवढेच त्यांवर आहे. नाव एकाचेही नाही. माणगावात पुतळ्याशेजारी एक भिंत उभारावी आणि तालुक्यातून फौजेत गेलेल्या प्रत्येकाचे नाव गाववार कोरावे. मेलेल्यांचे, तसेच परत आलेल्यांचेही.

स्पष्टवक्ता

घाडग्यांच्या शौर्याबद्दल दुमत नाही, पण ही भिंत नको. ते युद्ध कुणाचे होते? १९४२ ला 'चले जाव'ची हाक दिली गेली, देशाचे पुढारी तुरुंगात होते आणि त्याच सरकारच्या गणवेशात ही मंडळी इटलीत लढत होती. आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या हुतात्म्यांची नावे माणगावच्या शाळकरी पोरांना येतात का? आधी ती शिकवा. साम्राज्याच्या पगारावर लढलेल्यांची यादी सार्वजनिक पैशाने कोरणे मला पटत नाही.

माजी हवालदार

साहेब, चिरनेरच्या हुतात्म्यांपुढे मीही मान झुकवतो. पण पलटणीत जाणाऱ्या पोराला युद्ध निवडता येत नाही. त्या काळी आपल्याकडे खोती होती. वावभर भातजमीन, पीक आले की त्यातला वाटा खोताच्या घरी. घरात चार तोंडे. भरतीवाला आला की उंची-छाती मोजून घ्यायची आणि निघायचे, मनिऑर्डर येऊ लागली की घर उभे राहायचे. त्याला साम्राज्याचा पाईक ठरवायचे तर मग मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत राबलेल्यांनाही तेच म्हणावे लागेल. फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ज्या नौसैनिकांनी बंड केले, तेही याच सरकारचा पगार खात होते.

आणि १९४७ नंतर त्याच मराठा पलटणी भारताच्या झाल्या. ६२, ६५, ७१ लढलेल्यांना शिकवणारे उस्ताद जुन्या लढाईतूनच आलेले होते. ती साखळी मधेच कुठे तोडणार?

स्पष्टवक्ता

साखळी तोडत नाही. ४७ नंतरच्यांची नावे कोरा, मी स्वतः वर्गणी देईन. आधीच्यांची पोट भरण्याची मजबुरी मला कळते. पण मजबुरीबद्दल कळवळा वाटणे वेगळे आणि तिचा गौरव करणे वेगळे. स्मारक हे गौरवासाठीच असते.

घाटावरची

स्पष्टवक्ता, नाव लिहिणे म्हणजे गौरवच, हे मला मान्य नाही. नाव लिहिणे ही आधी नोंद असते. २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत या गावी इंग्रजांच्या फौजेतल्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. महिनोन्महिने वेढा, उपासमार, मग कैदेतली पायपीट. यातली ११० नंबरची पलटण म्हणजेच पुढे घाडग्यांची बटालियन. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली आकडे. २०२१ साली, युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या अहवालानेच मान्य केले की ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि त्यात हिंदी सैनिक मोठ्या संख्येने होते. म्हणजे साम्राज्याने त्यांना आकड्यावर ठेवले. आपण साम्राज्याचा राग धरून त्यांना आकड्यावरच ठेवायचे? हा राग त्यांच्यावर का निघावा?

नावाने काय होते ते कोरेगाव भीमाला बघा. तिथल्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे कोरलेली होती, म्हणून महार शिपायांचा पराक्रम कुणाला पुसता आला नाही. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले. खांबावर नुसता आकडा असता तर ती माणसे कुठल्या घरची, हे कळले असते का?

मी साताऱ्याकडची. आमच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेले ४६ जण सांगतात. तिथे त्या आठवणीने पुढच्या पिढ्या फौजेत गेल्या.

हिशेबी

मला वेगळीच भीती आहे. परत आलेल्या सगळ्यांची नावे घातली तर भिंतीची मतदारयादी होईल. शिस्तभंगासाठी काढून टाकलेला, वर्षभरात पळून आलेला आणि घाडगे एकाच ओळीत? वर उद्घाटनाची फरशी येईल आणि तिच्यावर पुढाऱ्यांची नावे सर्वांत ठळक असतील, हे प्रत्येक गावात दिसते.

दुसरे, दगडाला लागणारा पैसा जिवंत माणसासाठी वापरा. गावातल्या म्हाताऱ्या माजी सैनिकाला आणि त्याच्या विधवेला साध्या कागदासाठी अलिबाग गाठावे लागते. एसटी, मुक्काम, पुन्हा हेलपाटा. तालुक्याला महिन्यातून दोन दिवस कागदपत्रे करून देणारा माणूस बसवा. माझ्या लेखी स्मारक ते.

माजी हवालदार

हेलपाट्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे. वीरनारीला सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेले मी पाहिले आहे. पण हे कुठल्याही भिंतीमुळे अडलेले नाही, आणि भिंत झाली नाही म्हणून सुटणारही नाही.

बडतर्फ झालेल्यांचा प्रश्न सोपा आहे. डिस्चार्ज बुकात शेरा असतो, तो बघायचा. अवघड आहे ते जुन्यांचे. तरी पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. घराघरात देव्हाऱ्यात, ट्रंकेत ती पदके पडून आहेत. काहींनी चांदीच्या भावाने विकली. जी आहेत त्यांचे फोटो काढायला आजच सुरुवात करता येईल.

काळनदीकाठ

हिशेबी, उद्घाटनाच्या फरशीबद्दल पूर्ण सहमत. भिंतीवर सैनिक सोडून कुणाचेही नाव नको, ही पहिली अट ठेवू. क्रम हुद्द्याने नको, जातीवार वाड्यांनीही नको. गाव आणि मग अकारविल्हे. परत आलेल्यांवर मात्र मी ठाम आहे. इंग्रजांच्या पाटीवरसुद्धा 'गेलेले' आधी मोजले होते. जो पाय गमावून आला, जो रात्री ओरडत उठायचा, त्याची किंमत गावानेच पाहिली.

स्पष्टवक्ता, प्रत्येक नावापुढे साल घालू. १९१६, १९४४, १९७१. कोण कुणाच्या राज्यात लढला ते वाचणाऱ्याला दिसेल.

स्पष्टवक्ता

साल घातल्याने माझा आक्षेप बोथट होतो, संपत नाही. चिरनेर त्याच भिंतीवर येणार असेल, तर मी पुढे बोलेन.

घाटावरची

आणि खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, मजूर पलटणीतले? कुतच्या वेढ्यात असे हजारो बिनलढाऊ लोक अडकले होते. पदकांवरून यादी करणार असाल तर त्यांच्यासाठी वेगळे शोधावे लागेल. ते आधी ठरवा.