जर्मनीतली एसपीडी इतकी का घसरली?

चौकस: फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला, म्हणजे एसपीडीला, १६.४ टक्के मतं पडली. १९९८ मध्ये याच पक्षाचे श्रोडर जिंकून चान्सलर झाले तेव्हा ४०.९ होती. टीव्हीवर सगळे स्थलांतराचं कारण देतात. एवढं एकच कारण पुरेल का? तिकडे राहणाऱ्यांनी सांगावं.

रूरकर: नाही पुरणार. निर्वासितांचा लोंढा आला २०१५ ला. एसपीडी २००९ मध्येच २३ टक्क्यांवर आली होती.

मी एसेनमध्ये राहतो. खालच्या मजल्यावरचे आजोबा पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर श्रोडर हे नाव काढायची सोय नाही. कारण 'हार्ट्झ फोर', म्हणजे श्रोडर सरकारनं बेकारी भत्त्यात केलेली सुधारणा. आधी नोकरी गेली की भत्ता मिळायचा, आणि त्याची मुदत संपली तरी जुन्या पगाराच्या हिशेबानं थोडी कमी मदत चालू राहायची. जानेवारी २००५ पासून ती बंद. साधारण वर्षभरानंतर इकडे पश्चिमेत सगळ्यांना सरसकट महिना ३४५ युरो आणि घरभाडं, तेही बचत आणि बायकोची कमाई तपासून. जन्मभर भट्टीपाशी राबलेला आणि कधीच काम न केलेला एकाच रांगेत! 'हे उजव्यांनी केलं असतं तर भांडलो असतो,' असं आजोबा म्हणतात. त्याच वर्षी मे महिन्यात ३९ वर्षांनी आमचं नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया राज्य एसपीडीच्या हातून गेलं. काही डावीकडे लिंके पक्षात गेले, बरेचसे मतदानालाच जाईनासे झाले.

हिशेबनीस: पण त्या सुधारणांनंतर बेकारी घटली ना? २००५ मध्ये ५० लाखांवर होती.

रूरकर: घटली. सुधारणांमुळे किती आणि निर्यातीच्या तेजीमुळे किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. श्रेय मात्र नंतर चान्सलर झालेल्या प्रतिस्पर्धी पक्षाच्या मर्केलबाईंनी खाल्लं आणि शिव्या एसपीडीच्या वाट्याला आल्या. वर त्यांच्याच सरकारात तीनदा धाकटी पाती म्हणून बसले!

ऑलिव्ह: ग्रीसचं पासोक पाहा, तिथला एसपीडीसारखाच समाजवादी पक्ष. २००९ मध्ये ४३.९ टक्के, जानेवारी २०१५ मध्ये ४.७. काटकसरीच्या करारावर सही केली आणि संपले.

चौकस: मग २०२१ ला एसपीडीचे शोल्झ कसे जिंकले?

रूरकर: २५.७ टक्क्यांना जिंकणं म्हणायचं तर जिंकले. किमान वेतन १२ युरो करू म्हणाले, केलंही. पुढे तीन पक्षांचं कडबोळं, गॅसची बिलं, महागाई. शेजारच्या गेल्झेनकिर्शेनमध्ये, कोळशाच्या गावात, २०२५ मध्ये पक्षाच्या मतांत (इथे एक मत पक्षाला आणि एक उमेदवाराला देतात) एएफडी हा कडवा उजवा पक्ष पहिला आला. खासदार तेवढा एसपीडीचा निवडून आला.